ट्रेलवर आधी कोण थांबणार? माउंटन बाइकिंगच्या नियमांमागची गोष्ट

चालणाऱ्याला वाट द्या, घोडा दिसला की थांबा, चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, ओल्या ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, सायकल घालू नका. माउंटन बाइकिंग सुरू केलं की हे नियम लगेच कानावर पडतात, पण ते आले कुठून हे फारसं कुणी सांगत नाही आणि मला वाटतं ते कळलं की नियम पाळावेसे वाटतात.

गोष्ट कॅलिफोर्नियातली, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत माउंट टॅमलपायस आहे तिथली. बे एरियातली आपली मराठी मंडळी वीकेंडला जातात तोच 'टॅम'. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे फेअरफॅक्स गावाजवळ 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली, चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही सगळी त्यातलीच पोरं. १९३०-४० च्या जुन्या जाड टायरच्या श्विन कंपनीच्या सायकली, मागे उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक, आणि साधारण दोन मैलांत १३०० फूट खाली. ब्रेक इतका तापायचा की चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि परत नवं भरावं लागायचं, म्हणून नाव 'रीपॅक'. म्हणजे हा खेळ जन्मालाच आला तो उतारावर घड्याळ लावून. मला यातच पुढच्या सगळ्या वादाचं मूळ दिसतं.

कारण तो डोंगर काही रिकामा नव्हता. टॅमवर पायी फिरणाऱ्यांची परंपरा जुनी, डोंगर जपायला त्यांनी १९१२ मध्येच संघटना काढलेली, शिवाय घोडेवालेही होते. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल आली आणि दुकानातून तयार माउंटन बाइक विकत मिळायला लागली, मग वळणावर अचानक समोर सायकल यायला लागली, घोडे बुजायला लागले (मागून आवाज न करता आलेली वस्तू घोड्याला शिकारी जनावरासारखी वाटते, म्हणून तर लांबूनच बोलत यायचं असतं), आणि चाक लॉक करून घसरत गेलं की मातीत चर पडतो, पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं आणि वाट खचत जाते. मरिनमध्ये बहुतेक सिंगलट्रॅक (एकावेळी एकच जण जाईल अशा अरुंद वाटा) सायकलींना बंद झाले, रुंद फायर रोडवर (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीच्या कच्च्या रस्त्यांवर) ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणावर आणि कुणाला ओलांडताना फक्त ५, आणि रेंजर चक्क रडार गन घेऊन उभे राहायला लागले. १९८४ मध्ये यूएस फॉरेस्ट सर्व्हिसने (अमेरिकेच्या वनखात्याने) वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने रानच राखलेल्या भागात सायकलला स्पष्ट बंदी केली.

तेव्हा रायडर्सना कळलं की आपण सुधारलो नाही तर वाटाच उरणार नाहीत. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून इम्बा (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही संघटना काढली आणि तिचे 'रूल्स ऑफ द ट्रेल' जगभर गेले: उघड्या ट्रेलवरच चालवा, मागे खुणा ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, वाट द्या, जनावरांना घाबरवू नका, तयारीने निघा. पिवळ्या त्रिकोणी पाटीवर सायकल, माणूस आणि घोडा असतात ना, तिचा अर्थही हाच, सायकलवाला दोघांनाही वाट देतो आणि चालणारा घोड्याला.

याचा उपयोग झाला. सुरुवातीला सायकलींच्या विरोधात असलेल्या सिएरा क्लब या पर्यावरणवादी संघटनेने १९९४ मध्ये युटातल्या पार्क सिटीत इम्बासोबत बसून मान्य केलं, की पर्यावरणाला धक्का न लावता आणि इतरांचं भान ठेवून चालवली तर ट्रेलवर सायकललाही जागा आहे.