कन्सोलवर पासवर्ड बदलला, मग सर्व्हर का उठत नाही? वेबलॉजिकचा खरा पासवर्ड आणि बूट फाइलमधला पासवर्ड

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. टेस्ट सर्व्हरवर वेबलॉजिकचा, म्हणजे ओरॅकलच्या जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा, अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला, नव्या पासवर्डने कन्सोलवर, म्हणजे त्याच्या कारभाराच्या स्क्रीनवर, लॉगिन पण झालं, सगळे खूश, आणि मग काही दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट केला तर तो उठतच नाही. किंवा बरोब्बर उलटं, बूट डॉट प्रॉपर्टीज नावाची फाइल शोधली, त्यात नवा पासवर्ड लिहिला, आणि आता कन्सोल नवा पासवर्ड का घेत नाही म्हणून डोकं धरून बसलेत. दोन्हीकडे गोंधळ एकच आहे. पासवर्ड बदलणं हे एक काम, आणि बदललेला पासवर्ड सर्व्हरला कळवणं हे दुसरं काम, आणि लोक या दोघांना एकच समजतात.

पहिलं काम बहुतेकांना येतं त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. कन्सोल उघडा, साधारणपणे पोर्ट ७००१ असतो, सिक्युरिटी रेल्म्स मध्ये मायरेल्म, मग युजर्स अँड ग्रुप्स, तिथे तुमचा अ‍ॅडमिन युजर, पासवर्डचा टॅब, दोनदा नवा पासवर्ड, सेव्ह. किमान ८ अक्षरं आणि त्यात एखादा आकडा किंवा चिन्ह लागतं. लॉक अँड एडिट वगैरे काही लागत नाही, बदल लगेच लागू होतो. १४.१.२ पासून जुना ब्राउझरमधला कन्सोल काढून टाकलाय, तिथे रिमोट कन्सोल वापरावा लागतो, मेनू वेगळे दिसतील पण काम तेच. हा पासवर्ड साठवला जातो तो वेबलॉजिकच्या पोटात असलेल्या छोट्या एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे युजर आणि पासवर्डच्या नोंदवहीत. कोण आत येणार, कोण नाही हे ठरवणारी जागा ती. कुलूप तिथे आहे.

आता बूट डॉट प्रॉपर्टीज. ही फाइल कुलूप नाही, ही किल्ली आहे. सर्व्हर सुरू होताना त्याला स्वतःलाच एका अ‍ॅडमिन युजरच्या नावाने आत यावं लागतं, त्याशिवाय तो रनिंग स्टेटला जात नाही. रात्री दोनला स्क्रिप्टने सर्व्हर उठवायचा तर तिथे नाव-पासवर्ड टाइप करायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून ते या फाइलमध्ये लिहून ठेवतात. आपण गावाला जाताना एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो ना, तसं. आता तुम्ही दाराचं कुलूप बदललं आणि काकूंना नवी किल्ली दिलीच नाही तर काकूंच्या हातातली किल्ली लागणार आहे का? आणि काकूंच्या किल्लीच्या जुडग्यात तुम्ही नवीच किल्ली अडकवली पण दारावर जुनंच कुलूप आहे, तरी दार उघडणार नाही. दोन्ही चुका मी इतक्या वेळा पाहिल्यात की आता लॉग बघायच्या आधीच विचारतो, कुलूप बदललंस का किल्ली?

आणि खरी अडचण इथे आहे, नीट वाचा. चालू असलेला सर्व्हर ही फाइल परत वाचत नाही. फक्त उठताना वाचतो. म्हणजे तुम्ही आज कन्सोलवर पासवर्ड बदलला आणि फाइलला हात लावला नाही तरी आज काहीही बिघडणार नाही. उद्याही नाही. अ‍ॅप्लिकेशन चालू, टेस्टर्स काम करतायत, कन्सोल नव्या पासवर्डने उघडतंय, तुम्ही तिकीट बंद करता. चूक झालेली असते पण ती दिसते पुढच्या रीस्टार्टला, आणि तो रीस्टार्ट तीन आठवड्यांनी असतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या हातून, आणि त्या माणसाला पासवर्ड कधी बदलला हे माहीतच नसतं.

माझ्या आधीच्या एका नोकरीत हे असंच झालं. ओरॅकलचे सिक्युरिटी पॅच दर तीन महिन्यांनी येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आम्ही टेस्ट सर्व्हरवर पॅच टाकायला रात्री बसलो, पॅच लागला, सर्व्हर सुरू केला, आणि तो फेल्ड स्टेट दाखवून बंद पडला. साहजिकच सगळ्यांनी पॅचला दोष दिला. पॅच काढला, परत सुरू केला, परत बंद. जवळजवळ दीड वाजता एकाने लॉग शांतपणे वरून खाली वाचला तर तिथे बीईए-०९०४०२ हा कोड आणि स्वच्छ लिहिलेलं की बूट आयडेंटिटी व्हॅलिड नाही, फाइलमधलं युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचं आहे, फाइल दुरुस्त करा. इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं हो. पॅच बिचारा निर्दोष होता, तो उगाच काढला आणि परत टाकला. पासवर्ड तीन आठवड्यांपूर्वी टीममधल्या एकाने बदलला होता, रीतसर मेल करून, फक्त फाइल राहिली होती. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे की टेस्टवर अ‍ॅडमिन पासवर्ड बदलला की त्याच बैठकीत सर्व्हर रीस्टार्ट करून बघायचाच. टेस्ट सर्व्हर आहे, दहा मिनिटं बंद राहिला तरी चालतो, टेस्टर्सना आधी सांगा आणि करा. रीस्टार्ट न करता तिकीट बंद करणं मला अजिबात मान्य नाही.

टेस्टवरच हे जास्त का होतं यालाही कारण आहे. डोमेन, म्हणजे एकत्र सांभाळले जाणारे वेबलॉजिक सर्व्हर आणि त्यांची सगळी सेटिंग्ज, डेव्हलपमेंट मोडमध्ये बनवला की कॉन्फिगरेशन विझार्ड ही फाइल स्वतःच बनवून ठेवतो, कुणाला न सांगता. प्रॉडक्शन मोडमध्ये तो बनवत नाही, तिथे एकतर सर्व्हर उठताना स्क्रीनवर युजरनेम-पासवर्ड विचारतो किंवा तुम्ही फाइल हाताने बनवता. त्यामुळे प्रॉडक्शनवाल्यांना ही फाइल माहीत असते कारण त्यांनी ती स्वतः लिहिलेली असते, आणि टेस्टवाल्यांना अशी काही फाइल आहे हेच माहीत नसतं, सर्व्हर आपोआप उठतोय एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं.

फाइल सापडण्यातही एक खड्डा आहे. डोमेनच्या फोल्डरमध्ये सिक्युरिटी नावाची दोन ठिकाणं आहेत. एक थेट डोमेनखाली. दुसरं डोमेन, सर्व्हर्स, अ‍ॅडमिनसर्व्हर आणि त्याच्या आत सिक्युरिटी. बूट फाइल दुसऱ्यात असते. लोक पहिल्यात जातात, तिथे बूट फाइल दिसत नाही म्हणून तिथेच नवी बनवतात, आणि सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पहिल्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये सीरियलाइज्ड-सिस्टिम-इनी नावाची डॅट फाइल असते, तिला हात लावू नका, त्या डोमेनचं सगळं एन्क्रिप्शन तिच्यावर चालतं, ती गेली तर डोमेन गेलं.

त्यावरून आठवलं, माझा सगळ्यात जुना राग. बूट फाइल उघडली की आत युजरनेम आणि पासवर्डच्या जागी महिरपी कंसात एईएस आणि पुढे अगम्य अक्षरं दिसतात. ते बघून लोक घाबरतात आणि दुसऱ्या चालत्या सर्व्हरवरची अशीच ओळ कॉपी करून आणून इथे चिकटवतात, पासवर्ड सारखाच आहे ना म्हणून. नाही चालणार! ते एन्क्रिप्शन त्या त्या डोमेनच्या डॅट फाइलवर अवलंबून असतं, एका डोमेनची अक्षरं दुसऱ्या डोमेनला उलगडत नाहीत. काहीजण तर एन्क्रिप्शनची कमांड शोधत बसतात. काहीच करायचं नाहीये. दोन्ही ओळी पुसा, साध्या अक्षरात युजरनेम बरोबर अमुक, पासवर्ड बरोबर तमुक असं लिहा, सेव्ह करा, सर्व्हर सुरू करा. पहिल्यांदा उठताना सर्व्हर स्वतःच दोन्ही एन्क्रिप्ट करून फाइल परत लिहितो. झालं का हे बघायचं असेल तर फाइल पुन्हा उघडा, सगळ्यात वर हॅशने सुरू होणारी तारीख-वेळेची ओळ असेल, ती आत्ताची असली पाहिजे, आणि खाली पासवर्ड साधा दिसता कामा नये. मी ही तारीख दर वेळी बघतो, दोन सेकंदाचं काम आहे.

फाइल लिहिताना ओळीच्या शेवटी स्पेस राहू देऊ नका. डोळ्याला दिसत नाही पण जावाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये शेवटची स्पेससुद्धा व्हॅल्यूचाच भाग धरली जाते, आणि चॅटमधून पासवर्ड कॉपी केला की ती हमखास येते. पासवर्डमध्ये उलटा स्लॅश असेल तर त्याचाही अर्थ बदलतो, म्हणून अ‍ॅडमिन पासवर्डात मी ते चिन्ह घेतच नाही. आणि फाइल रूट युजरने एडिट करू नका, ज्या युजरने सर्व्हर चालतो त्यानेच करा, नाहीतर सर्व्हरला स्वतःचीच फाइल परत लिहिता येत नाही.

मॅनेज्ड सर्व्हर्स, म्हणजे अ‍ॅडमिन सर्व्हरच्या हाताखाली अ‍ॅप्लिकेशन चालवणारे सर्व्हर, असतील तर प्रत्येकाची बूट फाइल वेगळी, आपापल्या फोल्डरमध्ये. अ‍ॅडमिन सर्व्हर उठला म्हणून आनंदाने निघून जाऊ नका, बाकीचेही एकेक करून उठवून बघा.

बाकीचे दोन पासवर्ड लोक यात उगाच आणतात ते पटकन बाजूला काढतो. नोड मॅनेजरचा, म्हणजे सर्व्हर दुरून चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचा, युजरनेम-पासवर्ड वेगळा आहे, डोमेन बनवताना बऱ्याचदा सारखाच टाकलेला असतो म्हणून एक वाटतो, पण अ‍ॅडमिन पासवर्ड बदलल्याने तो बदलत नाही. आणि डेटा सोर्समधला, म्हणजे डेटाबेसशी जोडणीच्या सेटिंगमधला, डेटाबेसचा पासवर्ड तर पूर्ण वेगळ्या गावचा, त्याचा इथे संबंध नाही.

एक मात्र सांगतो कारण ते हुबेहूब "पासवर्ड बदललाच नाही" असं दिसतं. पासवर्ड बदलला, दहा मिनिटांनी परत लॉगिन करायला गेलात, पासवर्ड बरोबर टाकताय आणि आत घेत नाही. लोक लगेच म्हणतात की बदल सेव्ह झाला नाही, आणि बूट फाइल उचकायला घेतात. बहुतेक वेळा तुमचा युजर लॉक झालेला असतो. ५ मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की डीफॉल्ट सेटिंगने युजर ३० मिनिटं लॉक. हे चुकीचे प्रयत्न कोण करतंय? जेनकिन्सचा (आपोआप कामं चालवणारं टूल) डिप्लॉयमेंट जॉब, मॉनिटरिंगची स्क्रिप्ट, कुणीतरी वर्षापूर्वी लिहिलेली रोज चालणारी स्क्रिप्ट, सगळ्यांत जुना पासवर्ड तसाच पडलेला. सगळी यंत्रं आणि सगळी माणसं एकाच "वेबलॉजिक" नावाच्या युजरवर चालवण्याची ही सवय मला अजिबात आवडत नाही. स्क्रिप्टला वेगळा युजर द्या, माणसांना आपापला द्या. आणि निदान एक दुसरा अ‍ॅडमिन युजर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमधला, पासवर्ड बदलायच्या *आधी* बनवून ठेवा, म्हणजे पहिला लॉक झाला तर दुसऱ्याने आत जाऊन डोमेनच्या सिक्युरिटी टॅबमधून अनलॉक करता येतो. आणि तो वेलकमवन पासवर्ड कृपा करून सोडा आता, टेस्ट सर्व्हर असला तरी, सगळ्या जगाला माहीत आहे तो.

आता जुना पासवर्डच कुणाला माहीत नाही, सोडून गेलेल्या माणसाबरोबर गेला, अशा वेळेला लोक नेटवरून एक उपाय उचलतात, अ‍ॅडमिनसर्व्हरच्या डेटा फोल्डरमधलं एलडॅप फोल्डर डिलीट करा म्हणून. थांबा. ते फोल्डर म्हणजे आपलं कुलूपच आहे, पण त्यात फक्त अ‍ॅडमिन नाही, डोमेन बनल्यानंतर कन्सोलवरून बनवलेले सगळे युजर, ग्रुप, त्यांचे रोल, सगळं तिथेच असतं. टेस्ट सर्व्हरवर टेस्टर्ससाठी बनवलेले पंचवीस-तीस युजर एका झटक्यात जातात आणि सकाळी सगळे तुमच्या डेस्कशी. करायचंच असेल तर सर्व्हर बंद करा, डोमेनखालच्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये जाऊन वेबलॉजिकची अ‍ॅडमिनअकाउंट युटिलिटी जावाने चालवा, तिला नवा युजरनेम आणि पासवर्ड द्या, ती तिथली एलडिफ्ट फाइल, म्हणजे एलडॅप पहिल्यांदा भरायची सुरुवातीची यादी, नव्याने लिहिते, मग एलडॅप फोल्डरचं नाव बदला, डिलीट नको, आणि बूट फाइलमध्ये तोच नवा युजरनेम-पासवर्ड साध्या अक्षरात लिहून सर्व्हर सुरू करा. एलडॅप सापडलं नाही की सर्व्हर ते एलडिफ्टवरून नव्याने बनवतो. इथे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकदम बदलतायत हे लक्षात आलं असेल, आणि म्हणूनच इथेही अर्धे लोक फक्त पहिला भाग करतात आणि परत त्याच बीईए-०९०४०२ वर येऊन थांबतात.

रात्रीच्या वेळी अगदीच अडलात, पासवर्ड माहीत आहे पण फाइल काही केल्या जुळत नाही, तर बूट फाइल बाजूला हलवा आणि सर्व्हर बॅकग्राउंडला न टाकता थेट टर्मिनलवर सुरू करा. तो युजरनेम विचारेल, मग पासवर्ड, तिथे हाताने टाका. उठला तर कुलूप बरोबर आहे आणि चूक फाइलमध्ये आहे. नाही उठला तर तुम्हाला जो नवा पासवर्ड वाटतोय तो खरा पासवर्डच नाही, आणि मग ज्याने बदलला त्याला फोन करा, कितीही वाजले असले तरी.