फॉरमॅट मारल्यावर काय उरतं?

मिरजेला मामाच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला एक कॉम्प्युटर होता. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, १० जीबीची हार्ड डिस्क, २००० साली जुळवून घेतलेला. त्यावर मामाने कित्येक वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल, एकदा तर अख्खा दिवाळी अंक. यंदा त्याच्या मनात आलं की जुन्या पत्रिका पुन्हा बघाव्यात. माळ्यावर टाकला तेव्हा मशीन चालू व्हायचं, पण विंडोज ९८ अर्ध्यातच गोठायचं. "फॉरमॅट मार, विंडोज टाक, झालं," मामा म्हणाला.

एके काळी कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध असायचं. हँग होतो? फॉरमॅट मार. आवाज येत नाही? फॉरमॅट मार. फॉरमॅट मारला की डिस्क स्वच्छ होते आणि आधी बाजूला काढून ठेवलेल्या फायली टाकल्या की सगळं पूर्ववत होतं, अशी आपली समजूत असते. मामाच्या मशीनने या दोन्ही समजुती दोन दिवसांत मोडल्या.

खरं तर पहिली झटापट विंडोजशी झालीच नाही. माळ्यावरून खाली आणल्यावर त्याने स्क्रीन दाखवायलाही नकार दिला, नुसत्या लांब शिट्ट्या. स्क्रीन जागी होण्याआधी बिघाड सांगायला मदरबोर्डवरच्या (मुख्य पाटीवरच्या) बायॉसकडे, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडे, स्पीकरशिवाय दुसरं तोंड नसतं, म्हणून या शिट्ट्या. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबराने घासल्या, पुन्हा बसवली आणि स्क्रीन उजळली. ही जादू नव्हे. रॅमचा जोड काही व्होल्टांवर चालतो, तिथे धूळ आणि तेलकट थराची बारीकशी आडकाठीही पुरते.

मग तारीख दिसली: १ जानेवारी २०००. मदरबोर्डवर रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ आणि बायॉसच्या नोंदी तो जिवंत ठेवतो. त्या घड्याळाचा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याची १५ वेळा निम्मानिम्मी करत गेलं की बरोबर १ उरतो, आणि निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक्समधलं सर्वांत स्वस्त गणित आहे. मनगटी घड्याळातही हाच आकडा चालतो. सेल बदलला, तारीख घातली.

इथे एक प्रश्न मामाने विचारला, आणि तो मला आवडला. मशीन म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं रे? प्रोसेसर थकतो का? नाही. मामाचा प्रोसेसर आजही २००० सालच्याच वेगाने चालतो. म्हातारे होतात ते शेजारीपाजारी. पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळते, वीज साठवणारे कपॅसिटर फुगतात. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर जगभर विकले गेले, त्यामुळे त्या काळातले कितीतरी मदरबोर्ड अकाली गेले. मामाच्या बोर्डावरचे सगळे कपॅसिटर सपाट होते, नशीब. उरलेला मंदपणा साठलेल्या पसाऱ्याचा: सुरू होतानाच चालू होणारे प्रोग्रॅम, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअर, डिस्कभर विखुरलेले फायलींचे तुकडे. फॉरमॅटने बरा होतो तो एवढाच भाग.

आता मुख्य मुद्दा. फॉरमॅट म्हणजे काय, हे ज्याने तलाठ्याचं दप्तर पाहिलंय त्याला चटकन कळेल. मामाची १० जीबीची डिस्क म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटचे जवळजवळ २ कोटी तुकडे. ही झाली गावची जमीन. विंडोज ९८ या जमिनीचे ८-८ केबीचे गट पाडतं आणि प्रत्येक गटाला नंबर देतं. कुठली फाइल कुठल्या गटात सुरू होते हे फोल्डरच्या यादीत, आणि पुढचा गट कोणता, कुठे संपते, हे डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात लिहिलेलं असतं. त्या तक्त्याचं नाव फॅट. फाइल डिलीट केली की संगणक शेतावर जातच नाही. तो दप्तर उघडतो, फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे २२९ हा आकडा लिहितो आणि तिचे गट "मोकळे" अशी नोंद करतो. पीक उभंच असतं. दुसऱ्या कुणी त्याच गटात नांगर घातला तरच ते जातं.

फॉरमॅटमध्ये अख्खं दप्तर नवं कोरं होतं. जमीन तीच, पीकही तेच. मग ते टक्के मोजत अर्धा-पाऊण तास काय चालतं? विंडोज ९८ मध्ये त्या वेळात डिस्कवरचा प्रत्येक तुकडा वाचता येतो का, हे नुसतं तपासलं जातं, आणि खराब निघालेल्या गटांवर खूण केली जाते. एक्सपीमध्येही हीच पद्धत होती. पूर्ण फॉरमॅट करताना खरोखर शून्यं लिहायला विंडोजने व्हिस्टापासून सुरुवात केली. म्हणजे ज्या काळात आपण सर्वांत जास्त फॉरमॅट मारले, त्या काळात आपण काहीच पुसत नव्हतो.

अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलट या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२९ डिस्क वाचता आल्या. त्यांपैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे नंबर निघाले, वैद्यकीय माहिती निघाली, खासगी पत्रं निघाली. मामाच्या डिस्कवर क्रेडिट कार्डं नव्हती, पण आख्ख्या तालुक्यातल्या यजमानांचे पत्ते आणि फोन नंबर होते.

मग खरंच पुसायचं तर? प्रत्येक तुकड्यावर काहीतरी लिहायचं, शून्य लिहिलं तरी चालतं. "३५ वेळा पुसा" असा एक सल्ला अजून फिरतो. तो आला न्यूझीलंडच्या पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून. तिथल्या ३५ फेऱ्या त्या वेळच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कतंत्रांसाठी होत्या, एकाच डिस्कवर सगळ्या करण्यात अर्थ नाही, असं गटमन यांनीच नंतर लिहिलं. तरी लोक पारायणासारख्या ३५ फेऱ्या करत राहिले. फिरत्या चकतीच्या डिस्कला एक फेरी पुरते. पेन ड्राइव्ह आणि एसएसडीचं वेगळं आहे: तिथे कुठल्या जागी लिहायचं हे आतली चिप परस्पर ठरवते, त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी जुना तुकडा कोपऱ्यात शिल्लक राहू शकतो.

आम्ही आधी डिस्क बाहेर काढली, अडॅप्टर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि तिची तुकडान्-तुकडा नक्कल घेतली. नुसत्या फायलींची कॉपी नव्हे, २ कोटी तुकडे जसेच्या तसे एका मोठ्या फायलीत. डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. डिस्क अडखळली की ते हट्ट करत नाही. आधी चांगला भाग उचलतं, आजारी जागांकडे मागाहून येतं. मरायला टेकलेल्या डिस्कला हेच मानवतं. मामाची डिस्क तीन ठिकाणी अडखळली. "एवढं कशाला, पत्रिकांचा फोल्डर उचल की," मामा म्हणत होता. तेव्हा माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, नुसती सवय होती. नक्कल झाल्यावर मूळ डिस्कवर शून्यं लिहिली.

कोऱ्या डिस्कपासून मशीन उभं कसं राहतं, ही गंमत दर वेळी नव्याने वाटते. वीज आल्यावर प्रोसेसरला डिस्क म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. बायॉस डिस्कचा फक्त पहिला तुकडा उचलतो, ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रॅमचे, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीपत्राचे (चारच हिस्सेदार, पाचव्याला जागा नाही), आणि शेवटचे २ म्हणजे सही: ८५ आणि १७०. द्विमान पद्धतीत लिहिले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. ही सही नसेल तर बायॉस डिस्कला हात लावत नाही. ४४६ बाइट म्हणजे किती? आजच्या पद्धतीने मराठी अक्षरचिन्हं साठवली तर दीडशेसुद्धा मावत नाहीत. तेवढ्यात "पुढचा तुकडा अमुक ठिकाणी आहे, तो उचल" इतकंच सांगता येतं. तो तुकडा पुढच्याला हाक मारतो, असं करत करत विंडोज उभं राहतं. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलायचं, अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीवरून या प्रकाराला बूट होणं म्हणतात.

फ्लॉपीवरून बूट केलं, एफडिस्कने वाटणी केली, फॉरमॅट केलं, सीडी घातली, चावीची २५ अक्षरं टाइप केली. तासाभराने आकाशी पडदा आला, पण १६ रंगांत आणि हाताएवढ्या मोठ्या आयकॉनांसकट. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड कसं चालवायचं हे विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम, नसला की विंडोज ६४० बाय ४८० च्या हमखास चालणाऱ्या मोडवर बसतं. ड्रायव्हरची सीडी मामाने पंचवीस वर्षं मदरबोर्डच्या खोक्यात जपून ठेवली होती. माझ्या ओळखीत असा हा एकच माणूस.

विंडोज ९८ पेन ड्राइव्ह आपणहून ओळखत नाही, म्हणून डिस्क परत लॅपटॉपला जोडून पत्रिकांचा फोल्डर टाकला. पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर चढवलं. पहिली फाइल उघडली आणि मामाचा चेहरा पडला. गणपतीचं चित्र जागच्या जागी, पण मजकुराच्या जागी डोक्यावर टिंबं आणि पायात शेपट्या असलेली युरोपीय अक्षरं.

फाइल शाबूत होती, एक बाइट इकडचा तिकडे झाला नव्हता. पण त्या बाइटांमध्ये मराठी कधी नव्हतंच. त्या काळी एका अक्षराला एक बाइट, म्हणजे २५६ घरं. त्यांत इंग्रजी आणि युरोपीय अक्षरं राहत. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच घरांमध्ये देवनागरीचे सुटे भाग बसवले: काना, वेलांटी, अर्धा स, रफार, पाऊण क. संगणकाच्या लेखी ते युरोपीय अक्षरच, फक्त फॉन्ट त्याचं चित्र मराठी काढायचा. वर प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, एकीच्या फॉन्टमधलं लिखाण दुसरीच्या फॉन्टमध्ये अगम्य. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये होते. पत्रिका आम्ही परत आणल्या होत्या, त्या वाचायची चावी शून्यांखाली गेली होती.

खरं तर यावर तोड तेव्हाही होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९८८ मध्येच ठरलं होतं, आणि १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची १२८ घरं मिळाली ती त्याच धर्तीवर. पुण्याच्या सी-डॅकचा या कामात मोठा वाटा. युनिकोडमध्ये बाइटच सांगतात की हा "क" आहे, फॉन्ट कुठलाही लावा. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती २००० या आवृत्तीपासून. एक्सपीमध्येही ती आपोआप नसायची, रीजनल सेटिंगमध्ये खूण करून सीडी घालावी लागे. मामासारख्यांचं सगळं काम त्याआधीच्या घरांत अडकलेलं. शिवाय छापखान्याला युनिकोड बराच काळ पटलं नाही, आणि त्याला कारणंही होती. "दर्या" आणि "दऱ्या" वेगळे दिसायला हवेत, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

फॉन्ट सापडले ते त्या तुकडान्-तुकडा नकलेत. विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये मामाची सगळी अक्षरवळणं रांगेत बसलेली होती. डिस्क तिसऱ्यांदा लॅपटॉपला जोडली, फॉन्ट टाकले. फॉन्टबरोबरचं मूळ मराठी सॉफ्टवेअर चालवायला प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप लागायचं, ते कधीच हरवलं होतं. पण नुसतं वाचायला फॉन्टची फाइल पुरते.

२००१ सालची पत्रिका उघडली. या वेळी "सप्रेम नमस्कार वि. वि." पासून "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत सगळं उमटलं. मामाने चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ गेला, एका ओळीवर बोट ठेवलं.

"मुहूर्त १२ वाजून ३५. इथे ५३ पडलंय बघ. पाचशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं. रात्रभर बसून मी आणि तुझ्या मामीने पेनाने दुरुस्त केल्या."

मग त्याने कर्सर तिथे नेला, पण कीबोर्डला हात लावला नाही.