अंदाजाच्या फाइलीत दोन-दोन वेळा कुठनं आल्या?

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आली की कोल्हापुरात जो तो पुढच्या दोन दिवसांचा पाऊस विचारतो, आणि थोडंफार पायथन येणारी पोरं थेट जीएफएस या हवामान मॉडेलच्या अंदाजाच्या फाइली उतरवून बसतात. पण अडकतात ती वेळेपाशी, कारण प्रत्येक अंदाजाला वेळा दोन: मॉडेल कधी चाललं ती, आणि अंदाज ज्या क्षणाचा ती.

हे अमेरिकन मॉडेल दिवसातनं चारदा चालतं, ००, ०६, १२, १८ यूटीसीला (जागतिक वेळ, आपल्या साडेपाच तास मागं), आणि प्रत्येक रन, म्हणजे मॉडेलची एक फेरी, १६ दिवस पुढचं सांगतो, म्हणजे एकाच क्षणाचे ढीगभर अंदाज. २६ जुलैचे सकाळचे साडेआठ घ्या (हवामान खात्याचा पावसाचा दिवस इथंच संपतो), ते झाले ०३ यूटीसी. २५ तारखेच्या ०० च्या रनमध्ये हा २७ वा तास, १२ च्या रनमध्ये १५ वा. क्षण तोच, पाऊस वेगळा.

भानगड जुनी आहे. १९८५ ला जागतिक हवामान संघटनेनं अशा आकड्यांच्या फाइलींसाठी ग्रिब फॉरमॅट मंजूर केला, त्यात प्रत्येक नकाशा सुटा, सोबत रन कधीचा आणि किती तास पुढचा एवढंच, बेरीज आपण करायची. जागेची काटकसर तर अशी की वर्षाला एकच बाइट, शतक वेगळं, त्यामुळं २००० साल म्हणजे विसाव्या शतकाचं १०० वं वर्ष! नेटसीडीएफ हा दुसरा फाइल फॉरमॅट आला तसं सगळं अक्षांवर बसवायची सवय लागली, आणि एका टाइम अक्षावर एकमेकांवर चढणारे रन बसेनात. नेटसीडीएफमध्ये कशाला काय नाव द्यायचं ते ठरवणाऱ्या २००३ च्या सीएफ नियमांत रनची वेळ आणि पुढचे तास यांना स्वतंत्र नावं मिळाली, नुसता टाइम म्हणजे ज्या क्षणाचा अंदाज तो क्षण. पुढं युनिडाटा या अमेरिकन संस्थेच्या, हवामानाचा डेटा वाटणाऱ्या थ्रेड्स सर्व्हरनं सगळे रन एकत्र करून 'बेस्ट' नावाची सलग मालिकाच तयार दिली, प्रत्येक क्षणासाठी सगळ्यात ताजा रन. बघायला झकास, पण अंदाज किती खरा ठरला हे तपासायला माझ्या मते बेकार, कारण मागचं सगळं काही तासांआधीचंच भरलेलं असतं, मॉडेल उगाच हुशार दिसतं.

त्यात युरोपियन हवामान केंद्राचं सीएफग्रिब, म्हणजे पायथनमध्ये ग्रिब फाइली वाचायचं साधन, 'टाइम' म्हणजे रनची वेळ धरतं, बरोबर उलटं. शिवाय त्यांचा पाऊस रन सुरू झाल्यापासनं साठत जातो, तेव्हा मधल्या तासांचा पाऊस काढायला दोन वेगळ्या रनचे आकडे बिनधास्त वजा केले की गगनबावड्यात भर जुलैत उणे पाऊस पडतो.