पोलिसांच्या गाडीत व्हॉइस कमांड आली कुठून?

अमेरिकेतल्या पोलिसांची गाडी आतून बघितली की पहिल्यांदा जाणवतं ते म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी झालेली गर्दी. सायरनचा डबा, दिव्यांची बटणं, रडारचा रिमोट, वायरलेसचा माईक आणि वर लॅपटॉप. हे सगळं एकदम नाही आलं. 1928 मध्ये डेट्रॉईट पोलिसांनी गाडीत रेडिओ बसवला तो नुसता ऐकायचा, उत्तर द्यायचं तर गाडी थांबवून फोन गाठायचा, मग 1933 मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉनमध्ये गाडीतूनच उलट बोलायची सोय झाली. 1967 ला एफबीआयचा एनसीआयसी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदींचा डेटाबेस सुरू झाला आणि पुढे ती माहिती गाडीतच हवी म्हणून आधी टर्मिनल, नंतर लॅपटॉप. प्रत्येक वस्तू गरजेचीच होती, पण प्रत्येकीची कंपनी वेगळी, वायरिंग वेगळं, आणि हे सगळं हाताळणारा माणूस एकटाच, तोही गाडी चालवता चालवता.

यावर नीट काम झालं ते प्रोजेक्ट54 मध्ये, म्हणजे गाडीतली ही सगळी यंत्रं नुसतं बोलून चालवायच्या प्रकल्पात. न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटी आणि त्या राज्याच्या सुरक्षा खात्याने 1999 मध्ये हे सुरू केलं, पैसा केंद्राच्या न्याय खात्याकडून. लोकांना वाटतं की आवाज ओळखणं हेच मुख्य काम, पण माझ्या मते खरी मेहनत त्याच्या आधीची आहे, म्हणजे एकमेकांशी न बोलणारे हे सगळे डबे एका डेटा बसवर, म्हणजे माहिती वाहणाऱ्या एकाच सामाईक वायरिंगवर आणून एका कॉम्प्युटरला जोडायचे. ते झाल्यावरच आवाजाला अर्थ. बटण दाबायचं, पुढच्या गाडीचा नंबर बोलायचा, रेकॉर्ड शोधलं जातं आणि उत्तर कॉम्प्युटर वाचून दाखवतो, नजर रस्त्यावरच. बटण अशासाठी की सायरन आणि वायरलेसच्या कलकलाटात मशीनने भलतंच काही कमांड समजून घेऊ नये. आणि जुनी बटणं काढली नाहीत हे मला फार आवडलं, ज्याला बोलायचं नाही त्याने हाताने चालवावं.

पुढे तिथल्याच अँड्र्यू कुन वगैरे संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर लोकांना बसवून तपासलं, 2007 मध्ये ते छापूनही आलं, की मशीन आवाज ओळखायला चुकायला लागलं की माणसाचं ड्रायव्हिंगच बिघडतं, हात मोकळे असले तरी.