जुना डंपर नावावर करताना: पुण्यातली पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

जुना डंपर बघायला गेलेला माणूस आधी टायर बघतो, मग जॅक उचलून दाखवायला सांगतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, भाव पाडतो आणि सगळ्यात शेवटी कागद मागतो. हा क्रम उलटा हवा. इंजिनाचे काम करून घेता येते, स्प्रिंगचे पाटे बदलता येतात. आरसीवर छापलेले वजन, उत्पादनाचे वर्ष आणि जुने थकलेले हिशेब मात्र गाडीबरोबर तुमच्या दारात येतात. म्हणून गाडीचा नंबर हातात आला की आधी 'वाहन' पोर्टलवर नोंदणीचा तपशील, राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेली चलने आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) पोर्टलवर चोरीची नोंद पाहा. नंतरच वाघोलीला किंवा मोशीला गाडी बघायला जा.

आरसीवर काय वाचायचे

पहिली गोष्ट म्हणजे वाहनाचा वर्ग. रस्त्यावर खडी-मुरूम वाहणारा टिपर मालवाहू वाहन म्हणून नोंदलेला असतो. खाणीत किंवा मोठ्या प्रकल्पाच्या आवारातच चालणारे अवजड डंपर 'बांधकाम यंत्रसामग्री' या वर्गात येतात. ते स्वस्तात मिळाले तरी गावोगाव भाडी मारण्याच्या उपयोगाचे नाहीत.

दुसरी गोष्ट एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. जुलै २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने तीन अॅक्सलच्या, म्हणजे दहाचाकी, ट्रकची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. त्याआधीच्या दहाचाकी गाड्यांच्या आरसीवर बहुधा २५,००० किलोच दिसेल. एजंट म्हणेल की आता सगळ्यांना २८ चालते. त्याचे ऐकू नका, तुमच्या आरसीवरचा आकडा हीच तुमची मर्यादा. रिकामी गाडी साडेअकरा टनांची धरली तर आरसीवर २८ टन असलेल्या गाडीत साडेसोळा टन माल बसतो आणि २५ टनीत साडेतेरा. क्रश सँडचा, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूचा, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साधारण साडेचार टन. म्हणजे कायद्याने एका गाडीत पावणेचार ब्रासच्या आत आणि दुसरीत जेमतेम तीन. दिसायला दोन्ही गाड्या सारख्या, भावही लाख-दोन लाख इकडेतिकडे, पण रोजच्या प्रत्येक खेपेला जवळपास पाऊण ब्रासचा फरक पडणार. भाव ठरवताना हे गणित कागदावर मांडा.

'आमची गाडी पाच ब्रास आरामात ओढते' असे विकणारा अभिमानाने सांगेल. पाच ब्रास म्हणजे साडेबावीस टन, २८ टनी गाडीत सहा टन जादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणजे ३२,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. अशा गाडीची चेसिस आणि मागचे पाटे नीट तपासा. मालाच्या हौद्याचे फाळके वर वाढवून घेतले असतील तर तो मूळ बांधणीत केलेला बदल ठरतो आणि पासिंगला, म्हणजे फिटनेसच्या तपासणीला, अडतो.

मालक कोण होऊ शकतो, चालवू कोण शकतो

मालक होण्यासाठी हेवी लायसन्स लागत नाही. सज्ञान व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, कोणाच्याही नावावर गाडी होऊ शकते. स्वतः चालवायची असेल तर वय किमान २० वर्षे, हलक्या वाहनाचे लायसन्स काढून किमान एक वर्ष झालेले, फॉर्म १अ मधले वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग स्कूलचे फॉर्म ५ लागते. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स पाच वर्षांसाठी मिळते. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये काढली गेली. अजूनही कोणी त्या कारणाने पैसे मागत असेल तर देऊ नका.

नावावर करणे, म्हणजे टीटी

पुणे शहर आणि हवेलीकडचा पत्ता असेल तर संगम पुलाजवळचे आरटीओ (एमएच-१२), पिंपरी-चिंचवड, मावळ, खेडकडचा असेल तर मोशीचे कार्यालय (एमएच-१४), बारामतीकडचा असेल तर एमएच-४२. अर्ज पोर्टलवर भरायचा, शुल्कही तिथेच. राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर बदलत नाही.

मुख्य फॉर्म दोन. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकली ही विकणाऱ्याने द्यायची सूचना, दोन प्रती, राज्यातल्या व्यवहारात १४ दिवसांत. फॉर्म ३० म्हणजे हस्तांतरणाचा अर्ज, घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायचा. बरोबर मूळ आरसी, चालू विमा, चालू फिटनेस, पीयूसी, कर भरल्याची पावती, दोघांचे आधार आणि पॅन, तुमच्या पत्त्याचा पुरावा, फोटो. चेसिस नंबरचा ठसा घ्यायला पेन्सिल आणि कागद घेऊन स्वतः गाडीखाली वाका. आरसीवरच्या नंबराशी एक अक्षर जुळत नसेल तर इसार देऊ नका. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा (एचएसआरपी) नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर हस्तांतरणाचे काम पुढे सरकत नाही.

विकणारा कंपनी किंवा ठेकेदार संस्था असेल तर कोणाला सहीचा अधिकार आहे त्याचा ठराव मागा. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर रीतसर बिलही मागा. मूळ मालक वारला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या. सरकारी लिलावातल्या गाडीला फॉर्म ३२ लागतो. पण महापालिकेची किंवा सरकारी खात्याची १५ वर्षांपुढची गाडी लिलावात स्वस्त दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून अशा सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्यांची वाट भंगाराची.

परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर आणि फॉर्म २७ ने नवा नंबर लागतो. पहिलाच डंपर घेणाऱ्याने या फंदात पडू नये असे माझे मत.

यार्डवाल्याकडून घेणार असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी तशी तरतूद आहे. सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म हातोहात फिरवत गाडी तीन-चार जणांकडून येते, आणि नावावर मात्र पहिलाच मालक असतो. हे विकणाऱ्यालाही घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताची भरपाई द्यायला नोंदणीकृत मालकच जबाबदार, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असली तरी. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला हा निकाल सांगा, तो स्वतःहून आरटीओत येईल.

व्यवहाराचा करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. आधीची चलने, कर आणि अपघात विकणाऱ्याच्या अंगावर, नंतरचे तुमच्या, हे त्यात स्पष्ट हवे.

एचपी, म्हणजे गाडीवरचा कर्जाचा बोजा

आरसीवर कुठल्या बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरवायला त्यांची एनओसी आणि त्यांच्या सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ लागतो. 'हप्ते संपलेत, एनओसी आणून देतो' या शब्दावर पूर्ण रक्कम देऊ नका. उरलेले कर्ज थेट फायनान्स कंपनीच्या खात्यात भरा आणि बाकीचेच विकणाऱ्याला द्या. तुम्ही नवे कर्ज घेणार असाल तर फॉर्म ३४ ने तुमच्या कंपनीचा बोजा चढतो. जुन्या ट्रकला कर्ज देताना कंपन्या गाडीचे वय अधिक कर्जाची मुदत अशी बेरीज बघतात, म्हणून दहा वर्षे जुन्या गाडीला मुदत कमी मिळते आणि हप्ता जड जातो.

पासिंग

व्यावसायिक गाडीची नोंदणीच फिटनेसवर उभी असते. फिटनेस संपला की कलम ५६ प्रमाणे ती वैध नोंदणीची गाडी राहत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच मुद्दा पुढे करते. आठ वर्षांपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक वाहनाला महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. गाडी जुनी होत जाते तसे फिटनेसचे शुल्कही टप्प्याटप्प्याने चढते. थोडक्यात, आठव्या वर्षाच्या आणि शुल्काच्या पुढच्या टप्प्यांच्या अलीकडे-पलीकडे गाडीचा वार्षिक खर्च बदलतो.

पासिंगला ब्रेक, दिवे, परावर्तक पट्ट्या, बाजूचे आणि मागचे संरक्षक गज बघतात. डंपरसाठी वेग नियंत्रकही तपासतात. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे इतर मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असली तरी डंपरला ६० ची आहे. जुन्या गाडीतला नियंत्रक बहुतेकदा वायर तोडून बंद केलेला असतो, तेव्हा त्याचे प्रमाणपत्र आणि जोडणी दोन्ही बघा. पुणे कार्यालयाचा ब्रेक टेस्ट ट्रॅक सासवड रस्त्यावर दिव्याला आहे. अपॉइंटमेंटवर कोणते ठिकाण छापले आहे ते वाचूनच गाडी काढा.

सौदा करताना अट घाला की पासिंग विकणाऱ्याने करून द्यायचे. त्यासाठी पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

परमिट आणि विमा

तीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागतेच. गाडी नावावर झाली म्हणजे परमिट आपोआप आले असे नाही. कलम ८२ प्रमाणे परमिटच्या हस्तांतरणाला प्राधिकरणाची परवानगी लागते. दुसरी वाट म्हणजे विकणाऱ्याने परमिट परत करायचे आणि तुम्ही नवे काढायचे. परमिट पाच वर्षांचे असते, आणि विनापरमिट पकडले गेले तर कलम १९२अ प्रमाणे १०,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद. पुणे जिल्ह्यातल्याच कामासाठी राज्याचे परमिट पुरते. नॅशनल परमिट फक्त राज्याबाहेर जाणार असाल तरच घ्या. ते १२ वर्षांपुढच्या साध्या गाडीला आणि १५ वर्षांपुढच्या मल्टिअॅक्सलला मिळत नाही.

विम्यातला तृतीय पक्षाचा भाग गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. स्वतःच्या नुकसानीच्या भागासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यावे लागते. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. जून २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या गाडीचा फक्त तृतीय पक्ष हप्ता ४३,९५० रुपये होता, कर वेगळा. भांडवलाचा हिशेब करताना ही रक्कम हमखास विसरली जाते. पगारी ड्रायव्हरची जोखीम पॉलिसीत आहे का तेही बघा.

महाखनिज

आरटीओचे सगळे कागद झाले तरी वाळू, खडी, मुरूम, दगड उचलायचा तर महसूल खात्याचा वेगळा दरवाजा आहे. गौण खनिज वाहणाऱ्या गाडीची 'महाखनिज' प्रणालीवर नोंदणी आणि त्या प्रणालीशी जोडलेले जीपीएस यंत्र लागते. जुन्या गाडीत आधीच्या मालकाच्या नावाने नोंद आणि यंत्र असेल तर व्यवहारातच ते तुमच्या नावावर करून घेण्याचे ठरवा.

नंतर प्रत्येक खेपेला क्रशर किंवा खाणीकडून ई-टीपी, म्हणजे वाहतूक पास, लागतो. त्यावर गाडीचा नंबर, माल, परिमाण, कुठून कुठे आणि वेळेची मुदत असते. वाघोली, लोणीकंद, भावडीच्या क्रशर पट्ट्यातून सकाळी भरलेली गाडी वाहतूककोंडीत अडकून पासची मुदत संपली, तर माल रॉयल्टी भरलेला असूनही रस्त्यात वाद होतो. म्हणून शहरातल्या जड वाहनांच्या बंदीच्या वेळा धरूनच पास काढायला सांगा. या वेळा वाहतूक पोलिसांच्या आदेशाने बदलत राहतात आणि पुणे व पिंपरी-चिंचवड ही दोन वेगळी आयुक्तालये आहेत.

पासविना गौण खनिज सापडले तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ४८(८) प्रमाणे गाडी जप्त. गाडी सोडवायचा दंड वेगळा. तहसील कार्यालयाच्या आवारात महिनोन्महिने उभे असलेले डंपर याच कलमातले. घ्यायच्या गाडीवर अशी जुनी कारवाई आहे का, हे त्या भागातल्या तलाठ्याकडे किंवा तहसीलमध्ये विचारून घ्या. पोर्टलवर सगळे दिसेलच असे नाही.

बांधकामाचा राडारोडा वाहायचा असेल तर माल कुठे खाली करणार हे काम घेण्याआधी ठरवा. पुणे महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. नदीपात्रात किंवा ओढ्यात खाली केलेली खेप ठेकेदाराच्या सांगण्यावरून केलेली असली तरी नंबर तुमच्या गाडीचाच टिपला जातो.

धंद्याचे कागद

इथे फार काही नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने कायद्याखाली नुसती सूचना पुरते. व्यवसाय कराची नोंदणी लागते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नाही. आयकरात दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकासाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, जुन्या कायद्यात ते कलम ४४एई. १२ टनांपुढच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८ टनी डंपरचे महिन्याला २८,००० म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तरी त्या महिन्याचे उत्पन्न धरले जाते, कारण हिशेब गाडी मालकीत किती महिने होती यावर होतो.