शी होण्याच्या औषधाची मुलाला ‘सवय’ लागते?

नागपुरातल्या घराघरांत आजीचं ठरलेलं वाक्य: “शीचं औषध रोज नको देऊ बाप्पा, पोट्ट्याला सवय लागते!” मग आई-बाबा दोन दिवस औषध देतात, पोट साफ झालं की बाटली फ्रिजमागे. काही दिवसांत पुन्हा तेच रडणं.

सवय लागते ती शी रोखून धरण्याची. एकदा कडक शी होताना दुखलं की मूल पुढच्या वेळी पाय आवळून, टाचा उंचावून उभं राहतं. आपल्याला वाटतं जोर लावतंय; ते रोखत असतं. अडकलेल्या मळातलं पाणी आतडं शोषतं, खडा आणखी टणक होतो, गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, जिथे मळ साठतो) ताणला जाऊन शी लागल्याची जाणीवच बोथट होते. कधी खड्याच्या कडेनं पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते आणि घरचे जुलाब समजून औषध बंद करतात!

लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही शी मऊ करणारी औषधं मळात पाणी धरून ठेवतात. आतडं त्यानं आळशी होत नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला मात्र महिने लागतात, म्हणून डोस डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचा. मोठ्यांचं चूर्ण, साबणाची वडी नकोच.

जेवणानंतर 5-10 मिनिटं पायाखाली पाट देऊन बसवा. दुधाचे पेले कमी, उन्हाळ्यात पाणी जास्त. संत्र्याचा रस नको, फोडी द्या.

शीतून रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, न वाढणारं वजन, किंवा जन्मानंतर 48 तासांत पहिली शी झाली नसेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे.