हवा तसा लॅपटॉप आणि नको असलेले भाग

लॅपटॉप आपल्या गरजेप्रमाणे बनवून घ्यायचा म्हणून ग्राहक प्रोसेसर निवडतो, स्क्रीन निवडतो आणि रॅमपाशी येऊन अडतो. त्याच्याकडे आधीची चांगली ३२ जीबी रॅम पडून आहे, एसएसडीही आहे. पण यादीत ‘नको’ हा पर्यायच नाही. थोडी का होईना, रॅम आणि एसएसडी विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. लिनक्स वापरणाऱ्यालाही विंडोजचा परवाना घ्यावा लागतो. कधी फक्त चांगली स्क्रीन हवी असते, पण ती महागड्या ग्राफिक्स कार्डासोबतच मिळते. पैसे मोजून घेतलेले हे भाग पहिल्याच दिवशी काढून खणात टाकले जातात.

एका वस्तूसोबत दुसरी माथी मारण्याची ही रीत इलेक्ट्रॉनिक संगणकाहूनही जुनी आहे. तिचा इतिहास पाहताना एक गोष्ट सतत समोर येते. ग्राहकाला ‘नको’ म्हणण्याचा हक्क कागदावर मिळून भागत नाही. नको असलेल्या वस्तूची किंमत वेगळी दिसली आणि ती बिलातून वजा झाली, तरच त्या हक्काला अर्थ येतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयबीएम आपली हिशेबाची यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. करारात अट होती की यंत्रात आयबीएमचीच पंच कार्डे, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवायची जाड कागदाची कार्डे, वापरायची. दुसऱ्या कुणाची वापरली तर करार संपला. कंपनीचे म्हणणे असे की बाहेरचे कार्ड जाडीत किंवा कागदाच्या प्रतीत जरासे चुकले तरी यंत्र चुका करील आणि बदनामी आमची होईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये हा बचाव फेटाळला आणि १९१४ च्या क्लेटन या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही अट बेकायदा ठरवली. कार्ड कसे असावे याचे निकष कंपनीने जरूर सांगावेत, पण ते आमच्याकडूनच घ्या असे सांगू नये, असा निकालाचा रोख होता. सुनावणीत एक तपशील पुढे आला होता: अमेरिकी सरकारला स्वतःची कार्डे वापरण्याची मुभा आयबीएमनेच दिलेली होती, फक्त भाडे १५ टक्के जादा. म्हणजे बाहेरच्या कार्डांनी यंत्र बिघडत नव्हते, कंपनीचे उत्पन्न बुडत होते. आज ‘दुसरीकडची रॅम टाकली तर आम्ही जबाबदार नाही’ असे ऐकू येते तेव्हा हा खटला आठवावा.

पुढचा टप्पा १९६९ चा. तोवर आयबीएमच्या संगणकासोबत सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि अभियंत्यांची मदत येत असे, आणि या सगळ्याचे पैसे यंत्राच्या दरातच धरलेले असत. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या न्याय विभागाने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. २३ जूनला कंपनीने सॉफ्टवेअर आणि सेवांचे दर वेगळे करत असल्याचे जाहीर केले. यंत्रांचे दर उतरले अवघे ३ टक्के, आणि ग्राहक नाराज झाले. तरीही हा बदल मोठा होता. जे फुकट मिळते असे वाटत होते त्याला किंमत लागली, आणि तेच काम करून देणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांना बाजारात उभे राहायला जागा मिळाली.

वैयक्तिक संगणक आला तेव्हा सक्तीची जागा बदलली. मायक्रोसॉफ्ट अनेक उत्पादकांशी प्रोसेसरच्या हिशेबाने करार करत असे: ठरलेल्या प्रोसेसरची जितकी यंत्रे बाहेर पडतील तितक्या सगळ्यांवर परवान्याचे पैसे, मग त्यात एमएस-डॉस किंवा विंडोज असो वा नसो. साहजिकच दुसरी प्रणाली बसवणारा उत्पादक दोनदा पैसे भरत होता. अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या जुलै १९९४ च्या तडजोडीत अशा करारांवर बंदी आली. सवय मात्र राहिली. विंडोजच्या परवान्यात लिहिलेले असे की अटी मान्य नसतील तर उत्पादकाकडून पैसे परत घ्या. त्या वाक्यावर बोट ठेवून १५ फेब्रुवारी १९९९ रोजी लिनक्स वापरणारे कॅलिफोर्नियातल्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले. उत्तर मिळाले की उत्पादकाकडे जा. उत्पादक उलट बोट दाखवत होते. पुढे परवान्याची भाषाच बदलली; परताव्याचे नियम उत्पादकाला विचारा, कदाचित संपूर्ण यंत्र परत करावे लागेल, असे त्यात आले.

युरोपात हाच प्रश्न न्यायालयांत गेला. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने कौल दिला: विंडोज नको असेल तर तेवढे पैसे परत मिळाले पाहिजेत. फ्रान्समधल्या एका ग्राहकाच्या वाट्याला हे आले नाही. त्याने २००८ मध्ये सोनीचा लॅपटॉप घेतला आणि आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले. सोनीने व्यवहार रद्द करून पूर्ण ५४९ युरो परत करायची तयारी दाखवली, पण सॉफ्टवेअरची किंमत वेगळी काढायला नकार दिला. ७ सप्टेंबर २०१६ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की सॉफ्टवेअर भरून संगणक विकणे हा आपोआप अनुचित व्यवहार ठरत नाही, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची किंमत न सांगणे ही दिशाभूलही नाही. माझ्या मते हा निकाल ग्राहकाला महागात पडला. किंमतच माहीत नसेल तर काय नको आहे हे सांगून तरी मागायचे किती?

नुसता पर्याय देऊन काय होते याचा धडाही युरोपातच मिळाला. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोजची आवृत्ती विकायला लावले. ती आली, पण पूर्ण आवृत्तीच्याच किमतीला. संगणक उत्पादकांनी तिच्याकडे जवळजवळ ढुंकूनही पाहिले नाही.

डेस्कटॉप बनवणाऱ्यांना हा जाच कधीच इतका झाला नाही, कारण मदरबोर्ड आणि कॅबिनेटची मापे जुळवणारे १९९५ चे एटीएक्स मानक हाताशी होते. लॅपटॉपला तसे सर्वमान्य मानक नाही. बोर्ड, बॅटरी आणि उष्णता काढून नेणाऱ्या नळ्या त्या-त्या सांगाड्यासाठीच घडवलेल्या असतात. त्यामुळे ‘कस्टम’ लॅपटॉप म्हणजे बहुतेक वेळा विक्रेत्याने आखलेल्या यादीतून केलेली निवड. ऑर्डर आल्यावर यंत्र जुळवण्याची पद्धत डेलने रुजवली आणि १९९६ मध्ये ती इंटरनेटवर नेली. तैवानच्या क्लेव्होसारख्या कंपन्यांचे रिकामे सांगाडे घेऊन त्यात भाग भरणारे छोटे विक्रेतेही आहेत, आणि ‘नको’ म्हणायला त्यांच्याकडे अनेकदा जास्त वाव असतो.

विक्रेत्यांची काही कारणे खरीच आहेत. रॅम आणि डिस्कशिवाय यंत्राची पूर्ण चाचणी होत नाही. प्रत्येक स्क्रीन प्रत्येक बोर्डासोबत द्यायची तर जोडण्यांची आणि साठ्याची संख्या आवाक्याबाहेर जाते. पण चाचणीसाठी लावलेली रॅम चाचणीनंतर काढताही येते. शिवाय काही सक्तींचा तंत्राशी फारसा संबंधच नव्हता. मार्च २००३ मध्ये इंटेलने लॅपटॉपवर लावायचा सेंट्रिनो हा शिक्का आणला. तो शिक्का आणि त्यामागचे जाहिरातीचे पाठबळ हवे तर प्रोसेसर, चिपसेट (बोर्डावरचे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपा) आणि वायफाय कार्ड तिन्ही इंटेलचेच लागत. दुसऱ्या कंपनीचे वायफाय कार्ड चांगले असले तरी शिक्का हुकायचा. थिंकपॅड लॅपटॉपच्या अनेक मॉडेलांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मान्य वायफाय कार्डांची यादीच असे. दुसरे कार्ड बसवले की त्रुटी क्रमांक १८०२ दाखवून लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. यासाठी रेडिओ प्रमाणपत्रांच्या नियमांचे कारण दिले जाई.

मग बोर्डावरच सोल्डर केलेली रॅम आली. ॲपलच्या २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोनंतर पातळ लॅपटॉपांत ती सर्रास दिसू लागली. इथे अट करारात लिहावीच लागत नाही. पुढे कधी लागेल ती रॅम आजच, विक्रेत्याच्याच दराने घ्यावी लागते. कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर रॅमला प्रोसेसरजवळ, कमी अंतरावर बसवावे लागते हे खरे. पण डिसेंबर २०२३ मध्ये मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने कॅम-२ हे काढता येण्याजोग्या रॅमचे मानक प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते कारणही पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

उलट दिशेचे ठळक उदाहरण फ्रेमवर्क या कंपनीचे. २०२१ मध्ये तिने स्वतः जुळवायचा लॅपटॉप आणला. त्यात रॅम, एसएसडी, विंडोज आणि चार्जर यांपैकी काहीही वगळता येते, आणि वगळले की बेरीज तिथल्या तिथे कमी झालेली दिसते.

चार्जरचा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार विक्रेत्याने चार्जरसोबत यंत्र विकले तर चार्जरशिवाय घेण्याचा पर्यायही दिला पाहिजे. फोनसाठी ही अट २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. चार्जर वगळल्यावर किंमत किती उतरवायची, हे मात्र निर्देशाने विक्रेत्यावरच सोडले आहे.